हप्त्याने घेतलेली बरणी



कामगाराला कलेशी काय कर्तव्य, असे आम्हांस पुष्कळदा विचारतात. आणि विचारणारे बहुधा शिकलेलेच असतात. उत्तरादाखल आज जपानातील क्योटो शहरच्या एका लहानशा संग्रहालयाची हकिकत सांगतो. त्याचे नाव कोर्यो कला संग्रहालय. वस्तू सगळ्या कोरियाच्या, आणि त्यांत मान मोठा तो मातीच्या व चिनीमातीच्या भांड्यांना.

संस्थापक जोंग जो-मुन १९१८ साली कोरियात जन्मले आणि पोरवयातच आईबापांबरोबर जपानात आले. १९१० ते १९४५ कोरियावर जपानचे राज्य होते; पोटासाठी लाखो माणसे अशीच गेली. जोंग यांना शाळा जेमतेम लाभली. पुढे त्यांनी गोदीत हमाली केली. महायुद्धानंतर धंद्यात बरे दिवस आले, तेव्हा क्योटोतील जुन्या वस्तूंच्या एका दुकानात त्यांना कोरियाची पांढरी बरणी दिसली. किंमत आवाक्याबाहेरची. त्यांनी ती हप्त्याने घेतली! हप्त्याने आपण शिवणयंत्र घेतो, सायकल घेतो. बरणी घेतल्याचे आम्ही तरी ऐकले नव्हते.

जोसन राजवटीतल्या मोठ्या गोल बरण्या चाकावर एका दमात उठत नसत; ओली माती आपल्याच भाराने बसते. म्हणून कुंभार दोन वाडगे घडवी, तोंडाला तोंड लावून सांधी आणि मग भाजी. पोटाशी सांधा किंचित जाणवतो, गोलाई जराशी कलते. सोलजवळच्या ग्वांगजूला सरकारी भट्ट्या होत्या. तेथील कारागीर दरबाराला बांधलेले. बापामागून मुलाने तेच काम करायचे. बरणीवर त्यांचे नाव नसे. (आमची खोड म्हणा, पण बरणी पाहिली की आम्हांस आधी मजुरीचा दर आठवतो.)

ही भांडी जपानात आली कशी? काही रीतसर खरेदीने आली. पण जपानी अमलात काएसोंगभोवतालच्या जुन्या कबरी फोडल्या गेल्या आणि त्यांतली हिरवट झिलईची कोर्यो भांडी बाजारात विकली गेली, हेही खरे. जोंग जन्मभर जपानातच एकेक वस्तू विकत घेत राहिले. आपल्याच घरची चीज दाम मोजून सोडवायची, हे आम्हांला रुचत नाही. पण दाद मागावी कोणाकडे? देशाचेच दोन तुकडे झालेले.

सुमारे १,७०० वस्तू जमल्या. देश एक झाल्याखेरीज परतायचे नाही, असा त्यांचा निश्चय होता. १९८८ च्या ऑक्टोबरात राहत्या घराच्या जागेवर संग्रहालय उघडले. पुढच्या फेब्रुवारीत जोंग क्योटोतच वारले. ती पहिली बरणी तेथेच आहे.