परप्रांतीय कच्चा कैदी आणि जामिनाची वेस



 पुणे जिल्ह्यातील पिंपरीच्या किंवा खेडच्या न्यायालयात जामिनाचा हुकूम होऊनही स्थानिक जामीनदार उभा करता न आल्यामुळे येरवड्याच्या कारागृहात दिवस कंठणारा परप्रांतीय कामगार आपणा वकिलांपैकी फौजदारी काम करणाऱ्या कोणालाही अपरिचित नाही. चाकण, म्हाळुंगे, खराबवाडी येथे ठेकेदारामार्फत कामाला लागलेल्या आणि चौघा-सहांसह एका खोलीत राहणाऱ्या या माणसापाशी बहुधा भाडेकरार नसतो, अटक होताच ठेकेदार त्याला ओळख देईनासा होतो, आणि ज्यांच्या नावे जमिनीचा तुकडा आहे असे त्याचे बाप-भाऊ बिहारात वा ओडिशात असल्यामुळे त्यांची ऐपत येथे कोणी विचारात घेत नाही.

हा प्रश्न नवा नाही. मध्य प्रदेशातील मोतीराम या गवंड्याकडे 10,000 रुपयांचा जामीन मागून, त्याच्या भावाची मिळकत दुसऱ्या जिल्ह्यात असल्याच्या कारणावरून ती हमी नाकारली गेली, तेव्हा 1978 साली सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी असा भेद समतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरवून त्याला 1,000 रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडण्याचा आदेश दिला. पुढे जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितले की, स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका लांबण्याचे एक कारण असून तशी अट न घालणे इष्ट. दोन निर्णयांत पंचेचाळीस वर्षांचे अंतर असावे, ही गोष्ट मला अत्यंत क्लेशकारक वाटते.

अटकेचे वॉरंट भारतात कोठेही बजावता येते. खेडच्या न्यायालयाचा हुकूम घेऊन निघालेला शिपाई दरभंग्यापर्यंत जाऊन आरोपीस आणू शकतो. मग ज्या शासनसंस्थेचा पकडणारा हात इतका दूरवर पोहोचतो, तिची जामिनावरील आरोपीवरची देखरेख मात्र जिल्ह्याच्या वेशीपाशी का थबकावी?

अशी देखरेख सीमेपलीकडेही ठेवता येते: युरोपीय संघाने 23 ऑक्टोबर 2009 रोजी केलेल्या चौकट-निर्णयानुसार, एका देशात खटला चालू असलेला परदेशस्थ आरोपी त्याच्या संमतीने स्वदेशी परतू शकतो. तेथील अधिकारी हजेरी, निवास इत्यादी अटींवर देखरेख ठेवतात, ती स्वीकारण्याचा निर्णय सामान्यतः 20 कामकाजाच्या दिवसांत देतात, आणि अटीचा भंग झाल्यास मूळ न्यायालयास कळवतात. सार्वभौम राष्ट्रांना जे साधले ते एकाच संविधानाखाली नांदणाऱ्या दोन राज्यांना अशक्य म्हणणे मला पटत नाही.

आरोपी पळून जाईल, ही शंका प्रामाणिक आहे, आणि फिर्यादीच्या दृष्टीने ती दुर्लक्षिण्याजोगीही नाही. परंतु चाकणच्या भाड्याच्या खोलीपेक्षा मनुष्य आपल्या गावी, आप्तस्वकीयांत, अधिक ओळखला जातो. तेथील ठाण्यावर नेमलेल्या दिवशी हजेरी घेतली, तिचा अहवाल येथील न्यायालयास नियमाने आला आणि दूरदृश्य यंत्रणेने तारखेस उपस्थिती नोंदवली, तर देखरेख आजच्याहून सैल न होता उलट घट्ट होईल. 2022 अखेर देशातील शेकडा 75 च्या वर कैदी कच्चे होते, हे पाहता अशी व्यवस्था किती निकडीची आहे ते ध्यानात यावे.

या परिषदेपुढे येणारा ठराव असा आहे की, अन्य राज्यांतील जामीनदार, त्यांच्या ऐपतीचे दाखले आणि आरोपीच्या मूळ गावच्या ठाण्यातील हजेरी ग्राह्य धरण्याविषयी उच्च न्यायालयाने नियम करावेत. तो आपण एकमताने संमत करावा, आणि नियम होईपर्यंत, आपल्या प्रत्येक जामीन अर्जात ही मागणी स्पष्ट शब्दांत करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.