कपाटाचं कुलूप निघालं पाहिजे



स्वागत समितीच्या वतीनं मी तुम्हा सर्वांचं रावेर-यावलच्या या केळीपट्ट्यात मनापासून स्वागत करतो. इथून जवळच फैजपूर आहे. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन १९३६ साली तिथं झालं. पण विज्ञान शिक्षणाचा विषय निघाला की आम्हाला अधिक अभिमान वाटतो तो खिरोद्याचा. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मुंबईत १९७४ मध्ये सुरू झालं आणि त्यानंतर थोड्याच काळात व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी खिरोद्याला आले. खेड्यातल्या शाळेत, आहेत त्या शिक्षकांना सोबत घेऊन विज्ञान चांगलं कसं शिकवता येईल, याचा शोध त्यांनी आमच्या मुलांमध्ये बसून घेतला. त्या मातीत आज हे संमेलन भरतं आहे.

मी शेतकरी माणूस. शिक्षणशास्त्रावर तुमच्यापुढे बोलावं, एवढा माझा अधिकार नाही. मात्र गेल्या हंगामात आमच्याच भागातल्या एका शाळेत सहावीच्या वर्गात मागच्या बाकावर बसून मी जो तास पाहिला, त्याबद्दल सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

बाईंनी तीन केळी आणली होती. एक घडावरून नुकतंच उतरवलेलं, हिरवंगार. दुसरं पिवळं पडू लागलेलं. तिसऱ्यावर काळे ठिपके आलेले. चार-चार मुलांचे गट केले. प्रत्येक गटाला तिन्हींच्या चकत्या आणि पाण्यात पातळ केलेलं टिंक्चर आयोडीन दिलं. आयोडीन लावलेली चकती तोंडात घालायची नाही, हे दोनदा बजावलं. पहिल्या चकतीवर थेंब पडला आणि बघता बघता ती निळी-काळी झाली. दुसरीवर तो काळेपणा तुटक उमटला. तिसरीवर आयोडीनचा तपकिरी रंग तेवढा राहिला. मुलांनी वहीत तीन गोल काढून जसं दिसलं तसं रंगवलं.

मग एका मुलीनं विचारलं, “बाई, स्टार्च गेला कुठं?”

तिच्या घरी तीन पिढ्या केळी आहे. कच्च्या केळीच्या गराचा जवळपास पाचवा हिस्सा स्टार्च असतो आणि पिकताना त्यातल्या बहुतेकाची साखर होते, हे बाईंनी लगेच सांगून टाकलं नाही. आयोडीन न लावलेली चकती चाखायला दिली आणि वर्गालाच विचारलं. पुढच्या आठवड्यात मुलांनी कच्ची केळी दोन डब्यांत ठेवली, एका डब्यात सोबत एक पिकलेलं केळं. तो डबा आधी पिकला. पिकत्या केळ्यातून निघणारा इथिलीन वायू सावद्याच्या रायपनिंग चेंबरमध्ये कशासाठी सोडतात, ते त्या मुलांना आता कुणी समजावून सांगायची गरज उरलेली नाही.

मुलाच्या प्रश्नाला किती मान द्यावा, हे डॉ. जयंत नारळीकरांनी आपल्याला दाखवलं. सही मागायला आलेल्या मुलांना ते म्हणत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. सातपुड्याच्या पलीकडे, मध्य प्रदेशात, होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात मुलं सवालीराम नावाच्या काल्पनिक मित्राला पत्रं लिहीत आणि त्यांना खरीखुरी उत्तरं येत. १९७२ मध्ये सोळा शाळांत सुरू झालेला तो कार्यक्रम पुढे शेकडो सरकारी शाळांत पोहोचला. त्यात मुलं प्रयोग करून शिकत. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवण्याची मुभा असे आणि प्रात्यक्षिकाला गुण असत. माझ्या मते परीक्षेतला हा बदल सर्वांत मोठा. पाठांतरालाच गुण मिळणार असतील, तर प्रयोगावर वेळ घालवायला ना शिक्षक तयार होईल, ना पालक. २००२ मध्ये तिथल्या सरकारनं तो कार्यक्रम बंद केला. हे देशाचं नुकसान झालं असं मी मानतो. पण त्यात काम केलेल्या अरविंद गुप्तांनी पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबपासून विज्ञानाची खेळणी करून दाखवली. म्हणजे पैसा नाही, ही सबब आपल्याला उरलेली नाही.

मग अडतं कुठं? पोर्शन संपवायची घाई आहे, बाईंवर इतर कामांचा बोजा आहे, हे खरंच. पण त्याहून साधी एक अडचण मी डोळ्यांनी पाहिली आहे. एका शाळेतलं विज्ञानाचं साहित्य, भिंगं, परीक्षानळ्या, चुंबक, सगळं कपाटात कुलूपबंद होतं. पाच वर्षांपूर्वी आलेल्या खोक्यांचा टेपसुद्धा निघाला नव्हता. सरांना विचारलं, तर ते म्हणाले, “दादा, डेडस्टॉक रजिस्टरला माझ्या नावावर आहे. फुटलं तर भरून कोण देणार?” मी त्या सरांना दोष देत नाही. मुलाच्या हातून परीक्षानळी फुटली म्हणून शिक्षकाच्या खिशाला खार लागणार असेल, तर कुलूप लागणारच. बारा वर्षांच्या मुलाच्या हाती काच दिली की थोडी फुटणार. आम्ही बागेत रोपं लावतो तेव्हा मर धरूनच लावतो.

म्हणून स्वागताध्यक्ष या नात्यानं या संमेलनापुढे मी एकच मागणी ठेवतो. मुलांनी प्रयोग करताना फुटलेलं, संपलेलं साहित्य मुख्याध्यापकांच्या सहीनं दरवर्षी निर्लेखित करता यावं, त्याची वसुली शिक्षकाकडून होऊ नये आणि त्याच्या बदल्यात नवं साहित्य घ्यायला शाळेच्या अंदाजपत्रकात दरवर्षी स्वतंत्र तरतूद असावी. तसा ठराव उद्याच्या खुल्या अधिवेशनात मांडावा आणि शिक्षण विभागाकडे पाठवावा. मी ज्या शिक्षणसंस्थेचा एक चालक आहे, तिच्या शाळांपुरता हा नियम आम्ही येत्या जूनपासून लागू करत आहोत. इतर संस्थाचालकांनीही सरकारी आदेशाची वाट न पाहता तो लागू करावा, अशी त्यांना माझी हात जोडून विनंती आहे.