स्पर्शाची हद्द



 अध्यक्ष या नात्याने अनेक विषयांवरून ओझरती नजर फिरविण्याऐवजी, ज्या एका प्रश्नाच्या सहवासात माझी बहुतेक वर्षे गेली त्याविषयीच बोलण्याची मुभा मी आज घेतो. दोन पदार्थ परस्परांना टेकतात तेव्हा ते नेमके कोठवर टेकतात, हा तो प्रश्न होय.

दोन खुंट्यांमध्ये ताणलेली दोरी सारख्या भाराखाली मध्यावर एक वीत झोल घेते असे समजा, आणि हा झोल खुंट्यांमधील अंतराच्या मानाने अल्प आहे असेही धरा. आता खुंट्यांच्या पातळीखाली पाव वितीवर सपाट फळी बसविली, तर दोरीचा किती भाग तिच्यावर विसावेल? घाईने उत्तर देणारा मोकळ्या दोरीचा वक्र काढतो, फळीखाली उतरलेला भाग छाटून टाकतो आणि शेकडा ८७ भाग टेकला असे सांगतो. वास्तविक टेकतो तो बरोबर निम्मा. फळीने मध्यभाग वर उचलून धरला की न टेकलेल्या दोरीचाही आकार पालटतो, आणि ती फळीला कोन करून नव्हे, तर अलगद समांतर होत येऊन मिळते. अडथळ्याचा परिणाम अडथळ्यापुरता राहत नाही, आणि स्पर्शाची हद्द हीच उत्तरातली एक अज्ञात राशी असते.

हर्ट्झ यांनी १८८२ साली वक्र पृष्ठांच्या स्पर्शाचे जे अपूर्व गणित मांडले, त्यात ही हद्द लंबवर्तुळाकार असल्याचे गृहीत धरून काम भागले. सर्वसाधारण प्रश्न १९३३ साली इटलीत सिन्योरिनी यांनी उपस्थित केला. पुढे त्यांनी त्याला संदिग्ध सीमा-अटींचा प्रश्न म्हटले, कारण कोणत्या बिंदूवर कोणती अट अंमलात आहे हे उत्तर मिळाल्यावाचून कळत नाही. त्यांचे शिष्य फिकेरा यांनी १९६३ च्या प्रारंभी, गुरूंच्या निधनापूर्वी अगदी थोडे दिवस, उत्तराचे अस्तित्व सिद्ध केले. शिष्याने गुरूला दिलेली याहून मोठी दक्षिणा मला ठाऊक नाही. त्यानंतर स्टाम्पाकिया व लिओन्स यांनी १९६७ साली समीकरणाच्या जागी असमता ठेवून या विचाराला शास्त्राची बैठक दिली.

असे उत्तर प्रत्यक्ष आकड्यांत काढावयाचे तर फायनाइट एलिमेंट पद्धतीत आपण पदार्थावर जाळी टाकतो, आणि जाळीच्या प्रत्येक गाठीपाशी, म्हणजे नोडपाशी, तीन गोष्टी मागतो: एका पदार्थाची दुसऱ्यात घुसखोरी नसावी, प्रतिक्रिया असलीच तर दाबाची असावी, ओढीची नसावी, आणि जेथे फट आहे तेथे दाब शून्य असावा. पैकी सोपी तजवीज दंडाची. घुसखोरीला मनाई न करता तिच्यावर मोठा दंड बसवावयाचा, म्हणजे दंड दसपट केल्यास घुसखोरी सुमारे दहावा हिस्सा उरते. परंतु दंड वाढवीत गेल्यास समीकरणांची प्रकृती बिघडते आणि उत्तराचे अंक अविश्वसनीय होऊ लागतात. मला अधिक भरवशाची वाटते ती सक्रिय नोडांची यादी करण्याची रीत. टेकलेल्या नोडांचा एक अंदाज घ्यावा, गणित सोडवावे, जेथे ओढ आढळेल तो नोड मुक्त करावा, जेथे घुसखोरी आढळेल तो धरून ठेवावा, आणि यादी बदलेनाशी होईपर्यंत हेच करावे. ही रीत न्यूटनच्याच पद्धतीचे एक रूप आहे हे हिंटरम्यूलर, इटो आणि कुनिश यांनी या शतकाच्या आरंभी दाखवून दिले. ती थोड्याच फेऱ्यांत थांबते याचे मर्म त्यात आहे.

जाळी निम्मी बारीक केली की तिच्या साध्या रेषीय घटकांची चूक, ऊर्जेच्या मापाने, निम्मी होते. हे फाल्क यांनी १९७४ साली सिद्ध केले. द्विघाती घटकांकडून मात्र चौपट लाभाची अपेक्षा धरणाऱ्याची निराशा होते, कारण स्पर्शाच्या हद्दीवर वक्रता एकाएकी तुटते (आपली दोरी तेथे एका बाजूस वाकलेली, दुसऱ्या बाजूस सरळ असते) आणि चूक पावणेतीन पटींच्या आसपासच घटते. जाळी बारीक करावयाची ती सरसकट नव्हे, त्या हद्दीपाशी.

काही वर्षांपूर्वी एका बेअरिंगचा अहवाल माझ्याकडे तपासणीस आला होता. रंगीत चित्रे नेत्रसुखद होती, पण कडेच्या नोडांवर दाबाऐवजी ओढ दाखविली होती. म्हणजे पोलाद पोलादाला डिंकासारखे चिकटले होते, आणि त्यावर तीन सह्या होत्या. म्हणून या संमेलनाच्या सभासदांना माझी कळकळीची विनंती आहे की, स्पर्शाच्या गणिताचा अहवाल कबूल करण्यापूर्वी त्यात सर्वाधिक घुसखोरी किती, सर्वांत कमी प्रतिक्रिया किती, आणि जाळी निम्मी केल्यावर स्पर्शाची हद्द किती सरकली, हे तीन आकडे लिहिलेले आहेत की नाहीत ते पाहावे, आणि नसतील तर सही करू नये.