पोईसरचं पाणी उतरतं तेव्हा

(चारकोपमध्ये पावसाळ्यापूर्वी झालेल्या रहिवाशांच्या बैठकीतील भाषण, किंचित संपादित.)



मला नालेसफाईवर बोलायला सांगितलं आहे. बोलतो, पण आधी एक शब्द बदलू. आपल्या शेजारून वाहतो तो नाला नाही, ती पोईसर नदी आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात ती उगम पावते, रेल्वे आणि एस. व्ही. रोड ओलांडते, डहाणूकरवाडी, लालजी पाडा करत मालाडच्या खाडीला मिळते. शब्दाचा हट्ट अशासाठी, की नाला एकाच दिशेने वाहतो. आपल्या नदीचा खालचा भाग दिवसातून दोनदा उलटा वाहतो. भरतीला खाडीचं पाणी आत शिरतं, ओहोटीला बाहेर जातं. हे लक्षात घेतलं नाही, तर पावसाळ्यापूर्वी नदीची पातळी खाली आणायची म्हणजे नेमकं काय करायचं, हेच कळत नाही.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे आधी एक हिशेब. एक चौरस किलोमीटर वस्तीवर तासाला 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर तासाभरात 50 हजार घनमीटर पाणी जमतं. सगळीकडे काँक्रीट, मुरणार कुठे? त्यात भरती असेल, तर तोंड बंद. समजा तीन तास बंद. झालं दीड लाख घनमीटर. हे पाणी 30 मीटर रुंद आणि एक किलोमीटर लांब, दोन्ही बाजूंनी भिंती बांधलेल्या पात्रात कोंडलं, तर पातळी पाच मीटर चढेल. तेच पाणी एक चौरस किलोमीटर कांदळवनात पसरलं, तर पंधरा सेंटिमीटर. पाच मीटर म्हणजे तळमजला गेला. पंधरा सेंटिमीटर म्हणजे घोटा भिजला.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि दुपारी भरती होती. त्या दिवशी कोणतीही यंत्रणा अपुरीच पडली असती. पण आपला त्रास तेवढ्या पावसाचा नाही. दरवर्षी चार-पाच वेळा साध्याच पावसाची आणि भरतीची गाठ पडते. नदीकाठी राहणारी माझी खाला दर मे महिन्यात फ्रिजखाली विटा लावते. तिला कोणी हवामान खात्याचं बुलेटिन वाचून दाखवलेलं नाही.

आता गाळाबद्दल. दर उन्हाळ्यात किती टन गाळ काढला, याचे आकडे येतात. मला टनांमध्ये रस नाही. मिठी नदीच्या गाळाच्या कामांबद्दल 2025 मध्ये पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला, म्हणजे वजनाच्या कागदावर किती विसंबायचं ते आपलं आपण ठरवावं. पण काम शंभर टक्के प्रामाणिक असलं, तरी एक अडचण उरते. खाडीजवळच्या भागात तुम्ही ओहोटीच्या पातळीच्याही खाली खणलंत, तर तो खड्डा समुद्र भरून टाकतो. पावसाच्या पाण्याला तिथे जागा मिळत नाही. पावसाला जागा असते ती ओहोटीची पातळी आणि काठ यांच्या मधे. ती वाढते रुंदीने. गाळ काढणं निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. पुलाखाली, वळणांवर, नाल्यांच्या तोंडाशी गाळाचा उंबरठा झाला, तर ओहोटीलाही पाणी उतरत नाही. तो उंबरठा काढलाच पाहिजे. म्हणून मागणी टनांची नको, पातळीची हवी: अमुक पुलाखाली तळ आधी किती उंच होता, आता किती आहे, आणि ओहोटीला पाणी कुठवर उतरतं.

माझं आजोळ म्हसळा तालुक्यात, खाडीकाठी. नानांची थोडी खारजमीन होती. खारबंदिस्तीच्या बांधात उघाडी असते, म्हणजे लाकडी झडपेचं दार. भरती चढली की बाहेरच्या दाबाने झडप मिटते, खारं पाणी शेतात येत नाही. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते, आणि पावसाचं साचलेलं पाणी निघून जातं. वीज नाही, पंप नाही. पण झडपेत एक ओंडका अडकला तर भात गेला. म्हणून पावसाआधी गावचे लोक मिळून बांध आणि उघाडी बघायचे, आणि बघायचे ते ओहोटीलाच.

लंडनला टेम्स नदीवर रिचमंड इथे 1894 मध्ये दारं बसवली. त्यांच्यामुळे वरच्या अंगाला टेडिंग्टनपर्यंत ओहोटीतही पाणी एका पातळीखाली जात नाही. पण दरवर्षी शरदात काही आठवडे ती दारं मुद्दाम वर ठेवतात आणि नदी तिच्या नैसर्गिक ओहोटीवर जाऊ देतात. तळ उघडा पडतो, दुरुस्त्या होतात. तारखा आधी जाहीर असतात.

आपल्याला दारंही नकोत. उन्हाळ्यात आपली नदी दर पंधरवड्याला स्वतःहून तळ दाखवते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. त्या दिवसांत मुंबईला भरती साधारण दुपारी आणि मध्यरात्री येते, ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास. साडेचार मीटरच्या भरतीचे दिवस महापालिका दर पावसाळ्याआधी जाहीर करते आणि आपण घाबरतो. पण त्याच दिवशी ओहोटीही खोल असते, नदी चांगली रिकामी होते. भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या मागेपुढे, भरती कमी आणि ओहोटीही अर्धवट. तेव्हा पाणी निवांत साचून राहतं. त्याची बातमी होत नाही.

कोळी बांधवांचा हिशेब सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. द्वितीयेला दीड, म्हणजे दीड वाजता. आपल्या घरात हिजरी कॅलेंडर असेल तर चांदतारखेत एक, कधी दोन मिळवा, तिथी आली. चंद्र एकच आहे, त्यामुळे उत्तरही एकच येतं. फक्त हिजरी महिने ऋतूंमधून सरकत जातात. पाऊस कधी लागेल ते ईदवरून कळत नाही, त्याला मृगच बघावा लागतो. पोईसरला दोन्ही पंचांगं लागतात.

मघाशी एका भाईंनी विचारलं, खाडीच्या तोंडाशी मोठं दार बसवा ना. नुसतं दार म्हणजे मोठी उघाडी. समुद्र बाहेर राहील, पण डोंगरातून आलेलं पाणी आत साचेल. म्हणून दारासोबत पंप लागतात. हाजी अली, इर्ला, लव्ह ग्रोव्ह, ब्रिटानिया इथे तशी केंद्रं आहेत. पोईसरला नाही. आणि दार सतत बंद राहिलं तर आतलं कांदळवन मरतं, कारण त्याला भरतीचं पाणी रोज लागतं. आधी आहे ती रुंदी राखू. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्येच कांदळवन तोडायला आणि तिथे भराव टाकायला मनाई केली. तरीही चारकोपच्या कडेला रात्री डेब्रिजचा ट्रक रिकामा होतो. तो खाडीत नाही, आपल्या हॉलमध्ये रिकामा होतोय असं समजून नंबर टिपा आणि तक्रार करा. काठावरच्या झोपड्यांकडे बोट दाखवणं सोपं आहे. झोपडीवाल्याकडे डंपर नसतो.

तर काम असं. येत्या अमावास्येनंतरचे दोन दिवस, सकाळी सहाला, प्रत्येक पुलावर दोघं. खांबावर ऑइलपेंटने दर दहा सेंटिमीटरला रेघ मारायची परवानगी मागणारं पत्र वॉर्ड ऑफिसला तयार आहे, जाताना सह्या करा. परवानगी येईपर्यंत दोरीला दगड बांधून पुलाच्या कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. फोटोत दोरी आणि वेळ दोन्ही दिसू देत. नोंदी माझ्याकडे पाठवा, तक्ता मी करतो. पौर्णिमेनंतर पुन्हा तेच. ज्या पुलाखाली ओहोटीलाही पाणी उतरणार नाही, त्याचं नाव मशीनवाल्यांच्या यादीत सगळ्यात वर जाईल, एवढं बघू. मुलांना पाण्यात उतरू देऊ नका, ते मैलापाणी आहे.