जॉन फी : गुलामांच्या मालकाचा बंडखोर मुलगा

महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. अशाच एका माणसाची ही ओळख.

जॉन ग्रेग फी यांचा जन्म १८१६ मध्ये केंटकी राज्यात झाला. वडिलांच्या शेतावर गुलाम राबत. सिनसिनाटीच्या लेन सेमिनरीत धर्मशास्त्र शिकताना फी यांचे मत पालटले. शेजाऱ्यावर प्रेम करायचे, तर त्याला विकत कसे घ्यायचे? पाद्री होऊन ते केंटकीत परतले आणि गुलामी हे पाप आहे, असे उघड सांगू लागले. वडिलांनी वारसा नाकारला, जमावाने मारहाण केली.

ज्युलेट माइल्स ही वडिलांची गुलाम. फी यांनी तिला विकत घेऊन मुक्त केले. पुढे गुलामीतच राहिलेल्या आपल्या मुलानातवंडांना ओहायो नदीपार, गुलामी नसलेल्या राज्यात नेऊ पाहताना ती पकडली गेली आणि तुरुंगातच वारली.

१८५५ मध्ये फी यांनी बेरिया गावी शाळा काढली. १८५९च्या अखेरीस गुलामीच्या समर्थकांनी त्यांना राज्याबाहेर घालवले. यादवी युद्धाच्या काळात परतून त्यांनी कॅम्प नेल्सन छावणीत कृष्णवर्णीय सैनिकांना शिकवले. १८६६पासून बेरियात काळी-गोरी मुले एकाच वर्गात बसू लागली.

फी १९०१ मध्ये वारले. १९०४च्या कायद्याने राज्याने हे एकत्र शिक्षण बंद पाडले. १९५० मध्ये तो कायदा शिथिल होताच बेरियाने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना पुन्हा प्रवेश दिला.