लिंबाची टोपी
(मनीषनगर, नागपूर येथील पावसाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

मंडळी, मघाशी आत येताना दुसऱ्या रांगेतल्या एका काकूंच्या बोटावर लिंबू दिसलं. आत बोट, वरून चिंधी. म्हणून लिहून आणलेली प्रस्तावना खिशातच ठेवतो आणि नखुरड्यापासून सुरुवात करतो.

नखाच्या मुळाशी कातडीची एक पातळ पट्टी असते. पाणी आणि जंतू अडवणं हे तिचं काम. आपण ती दातांनी ओढतो, नाहीतर दिवसभर धुण्याभांड्यात भिजवून सैल करतो. मग जंतू आत शिरतात, बहुधा स्टॅफिलोकोकस. कड लाल होते, ठणकते. हेच नखुरडं. लिंबानं गार वाटतं, पण बोट ओलंच राहतं आणि आत काय शिजतंय ते दिसत नाही. नुसती लाली असेल तर सोसवेल इतक्या कोमट पाण्यात पंधरा मिनिटं बोट बुडवा, दिवसातून तीन-चार वेळा. पू दिसला की मात्र डॉक्टर गाठा. पू म्हणजे रेल्वे फाटकावरची गर्दी. वाट मिळाल्याशिवाय हटायची नाही. ती वाट घरच्या टाचणीनं मात्र करू नका.

टाचणीबद्दल आणखी एक. बोटावर पाणीदार फोडांचा बारीक घोस असेल, आग होत असेल, तर तो पू नसतोच. ओठावर फोड आणणारा हर्पिसचा विषाणू बोटावरही उतरतो. तिथं चीर दिली की दुखणं वाढतं.

तळहातावरची टणक गाठ दोन बोटांच्या चिमटीत धरून बघा. बाजूनं दाबल्यावर जास्त दुखली तर बहुधा चामखीळ, सरळ वरून दाबल्यावर दुखली तर घट्टा किंवा भोवरी. चामखिळीतले काळे ठिपके ही तिची 'मुळं' नव्हेत, गोठलेल्या रक्तवाहिन्या आहेत. ब्लेडनं खरवडलं की चामखिळीचा विषाणू शेजारी पसरतो. मुलांची चामखीळ पुष्कळदा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जाते, पण आयांना तेवढा धीर नसतो.

आणि आपला बिब्बा! लहानपणी धुऱ्यावर बाभळीचा काटा बोटात मोडला, आजीनं बिब्बा तापवून लावला. काट्याचं काय झालं आठवत नाही, बोट मात्र उतलं आणि आठवडाभर जेवण डाव्या हातानं. डिंकाच्या लाडवातल्या गोडंबीसाठी बिब्बे फोडणाऱ्या बायकांची बोटं बिब्ब्यातल्या तेलानं भाजतात. तेल लागलं तर लगेच साबणानं धुवा.

बोटाचं पेर टणक होऊन रात्री झोपू देत नसेल, बोट सरळ होत नसेल, मनगटाकडे लाल रेघ चढत असेल, ताप असेल, तर त्याच दिवशी दवाखाना. मधुमेह असणाऱ्यांनी नुसत्या लालीलाही थांबू नये.

काकू, ते लिंबू काढून इकडे या. या दिव्याखाली उजेड बरा आहे.