मुलांमधील थायरॉईडचा कर्करोग : बरे होणे आणि बरे राहणे

(संस्थेच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



लहान मुलाच्या बाबतीत ‘कर्करोग’ हा शब्द उच्चारला गेला की सारे घर हादरते. आज मी ज्या कर्करोगाविषयी बोलणार आहे, तो मात्र योग्य उपचारांनी बहुतांश मुलांमध्ये आटोक्यात येतो. म्हणूनच त्याबाबत होणारी हयगय अधिक जिव्हारी लागते.

थायरॉईड, अर्थात अवटु ग्रंथी, मानेच्या पुढील भागात श्वासनलिकेवर असते. शरीराची वाढ व चयापचय तिच्या संप्रेरकावर अवलंबून असतात. मुलांमध्ये या ग्रंथीचा कर्करोग विरळा आहे. तो प्रामुख्याने किशोरवयात आणि मुलींमध्ये अधिक आढळतो. मुलांच्या थायरॉईडमध्ये गाठ क्वचितच होते, परंतु झाली तर ती कर्करोगाची असण्याची शक्यता प्रौढांपेक्षा जास्त असते. ही गाठ सहसा दुखत नाही, आणि न दुखणाऱ्या गोष्टीकडे आपण दुर्लक्ष करतो. कित्येकदा प्रथम मानेच्या बाजूच्या गाठीच वाढलेल्या दिसतात. आपल्याकडे क्षयरोगाचे प्रमाण मोठे असल्याने, त्या क्षयाच्याच असाव्यात असे गृहीत धरले जाण्याचा धोका असतो. तेव्हा सुईने नमुना घेऊन तपासणी करणे हाच खरा मार्ग. सुई टोचल्याने रोग पसरतो, ही भीती मनातून काढून टाकावी.

या रोगाच्या कारणांविषयीचे मोठे ज्ञान एका दुर्घटनेतून मिळाले. २६ एप्रिल १९८६ रोजी तत्कालीन सोव्हिएत संघातील चेर्नोबिल अणुवीज केंद्रात स्फोट झाला. किरणोत्सारी आयोडीन कुरणांवर पडले, गाईंच्या दुधात उतरले आणि दुधावाटे मुलांच्या थायरॉईडमध्ये साठले. दुर्घटनेच्या वेळी अठरा वर्षांखालील असलेल्यांमध्ये २००५ पर्यंत या कर्करोगाचे सहा हजारांहून अधिक रुग्ण आढळले. त्यांतील मृत्यूंची तोपर्यंतची नोंद पंधरा होती. वेळेवर शोध आणि नेटके उपचार काय साधू शकतात, हे या आकड्यांवरून कळते. आपल्याकडील बहुतेक मुलांमध्ये मात्र कोणतेही निश्चित कारण सापडत नाही. म्हणून आईवडिलांनी स्वतःला दोष देऊ नये. ‘मेड्युलरी’ नावाचा एक विरळ प्रकार आनुवंशिक असू शकतो. तो आढळल्यास भावंडांचीही तपासणी करावी लागते.

उपचाराचा पाया शस्त्रक्रिया हा आहे. आवाजाच्या नसा आणि रक्तातील कॅल्शियम सांभाळणाऱ्या चिमुकल्या परावटु ग्रंथी जपत थायरॉईड काढावी लागते. हे अनुभवी हातांचेच काम आहे. त्यानंतर गरजेनुसार किरणोत्सारी आयोडीन दिले जाते. आयोडीन शोषून घेण्याचा थायरॉईडचा जो गुण चेर्नोबिलच्या मुलांना घातक ठरला, तोच येथे उपकारक ठरतो. औषध उरलेल्या रोगपेशींपर्यंत आपोआप पोहोचते, अगदी फुप्फुसांत पसरलेल्या पेशींपर्यंतही. फुप्फुसांत रोग पसरलेली मुलेही दीर्घकाळ उत्तम आयुष्य जगतात. मुंबईत परळ येथे अणुऊर्जा विभागाचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून अशा उपचारांचे कार्य करीत आले आहे. या औषधानंतर मुलाला काही दिवस स्वतंत्र खोलीत ठेवावे लागते. आईला दुरूनच बोलावे लागते. त्या दिवसांची कल्पना कुटुंबाला आधीच द्यावी.

येथपर्यंतची वाट बहुतेक कुटुंबे धीराने चालतात. खरी कसोटी पुढे असते. ग्रंथी काढल्यावर थायरॉक्सिनची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी, आयुष्यभर घ्यावी लागते. गोळी महाग नाही, पण ती चुकली तर मुलाची वाढ खुंटते आणि रोग परतण्याची शक्यताही वाढते. हा रोग कधी कधी दशकांनंतरही डोके वर काढतो, म्हणून रक्ताची व सोनोग्राफीची तपासणी वर्षानुवर्षे सुरू ठेवावी लागते. मूल हसतेखेळते दिसू लागले की गावाहून शहरात येण्याचा खर्च नकोसा वाटतो. मुलगी लग्नाची झाली की मानेवरचा व्रण आणि रोजची गोळी लपवण्याचा मोह होतो. मी पालकांना नम्रपणे सांगू इच्छितो की, लपवलेली गोळी ही लवकरच बंद पडणारी गोळी असते. योग्य उपचार झालेल्या बहुतेक मुली पुढे माता होऊ शकतात. मात्र गरोदरपणी गोळी बंद न करता, डॉक्टरांच्या सल्ल्याने तिची मात्रा बहुधा वाढवावी लागते.

देणगीदारांना शस्त्रक्रियेचे मोल सहज पटते. परंतु पाठपुराव्याची नोंदवही, न आलेल्या रुग्णाच्या घरी जाणारे पत्र, एसटीचे भाडे आणि वर्षभराच्या गोळ्या यांवर खर्च झालेला रुपयाही तितकाच जीवनदायी आहे. त्याचे छायाचित्र अहवालात छापता येत नाही, एवढेच. मूल बरे करणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. त्याला बरे राखण्यासाठी घर आणि समाज या दोघांचीही साथ हवी. ती आपण द्यावी, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.